डॉक्टरचा तांदूळ

एकोडी, मार्गशीर्ष, गुरुवार
सन १९७९

गं. भा. मनकर्णाबाई, विहीणबाई, एकोडीहून कौशल्याचा रामराम घ्या.

पहिले गोड सांगते, मंग बाकीचं. तुमची बेबी मोकळी झाली. पोरगी झाली, विहीणबाई! सोमवारी, साकोलीच्या दवाखान्यात. दोघी चांगल्या आहेत. पोरगी कशी म्हणून सांगू, दिसाले एवढीशी अन् रडणं भोंग्यावाणी. नर्सबाई म्हणे, "आजी, हे तं सरपंच होईन." रंग तुमच्या घरचा आहे. नाक आमचं आहे, त्याले इलाज नाही. मी रोज तेल लावून चिमटीत धरते, तं बेबी हसते, म्हणते, "माय, नाक म्हणजे काय कणीक हाये?"

मले एवढा आनंद झाला का काय लिवावं समजत नाही. लग्नाले आठवं साल लागलं, किती अंगारे लावले, किती नवस बोलले, ते तुम्हीही बोलल्याच असान तिकडे. आता मी गल्लीत कोणी भेटलं का आपणच सांगते, त्यानं विचारायची वाट पाहात नाही. दूधवाल्याले दोनदा सांगितलं. आमचे हे, म्हणजे तुमचे व्याही, पोरगी झाली ऐकून नुसतं "हूं" म्हणाले. मले राग आला. पण दवाखान्यात येऊन तिले मांडीवर घेतलं, तं दुपारपर्यंत परत देईनात. नर्सबाई दूध पाजायले मागे, तं हे म्हणत, "झोपली हाये, थांब."

माझं अक्षर असं आहे, समजून घ्या. दुसरीपर्यंत शाळा, त्यातही अर्धा वेळ मास्तरचं पोरगं खेळवलं. पण हे पत्र दुसऱ्याकडून लिवून घेता येत नाही. काहून, ते आता सांगते.

हे बाळंतपण तुमच्या दारी व्हायचं होतं. पहिलं बाळंतपण मायघरी, हे मले समजत नाही असं नाही. मी बोलून पाहिलं. पण लग्नातल्या त्या दिवसापासून आसगावचं नाव काढलं का हे पुढचं ताट सारतेत. तुमच्या गावच्या बायांनी मिळून पायानं दाबायच्या ढेंकीवर धान कुटला होता, त्याचा तांबूस भात आमच्या वऱ्हाडाले वाढला, अन् ह्यांनी "कोंड्याचा भात वाढता, आम्हाले ढोरं समजले काय" म्हणून अख्खी पंगत उठवली. तुमच्या मालकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून ह्यांच्या पायापाशी ठेवला, तरी बसले नाही. तुम्ही तिथंच उभ्या होत्या, मी कायले उगाळू. मले फक्त एवढं सांगायचं आहे, विहीणबाई, का आज तोच भात मी तुमच्यापाशी मागून राहिली.

झालं असं. धान कापणीत ह्यांच्या छातीत दुखलं. पहिले वाटलं वायू आहे, मी ओवा देल्ला. पण तळ्याच्या पाळीवर चढताना दोनदा बसले, घामानं बंडी भिजली. तुमच्या जावयानं, इश्वरनं, धरून भंडाऱ्याले नेलं. तिथं डॉक्टरनं छातीले तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली. म्हणे, काळजाले रगत नेणाऱ्या नळ्या चरबीनं चोंदत चालल्या. तंबाखू बंद, बिडी बंद, डालडा बंद, मटण बंद. ह्यांचं तोंड पाहाले पाहिजे होतं. मंग डॉक्टर म्हणे, मिलचा पांढराफेक भातही बंद. धानाचं वरचं टरफल काढा, पण दाण्याच्या अंगाची तांबडी साल राहू द्या. डाळ सालाची खा, भाजीचा पाला खा, ज्वारीची भाकर खा, जवसाची चटणी खा.

मी विचारलं, "साहेब, सालीत काय असते? ते तं आम्ही ढोरायले घालतो."

तं तो भला माणूस, खुर्ची वळवून बसला. म्हणे, "मायबाई, त्यात चोथा असते. तो पचत नाही, म्हणूनच कामाचा. पोटात फुगते, चरबीले धरून ठेवते अन् आपल्यासंगं बाहेर नेते. रगतात कमी जाते." मले लगेच समजलं. धानाच्या बांधीत मातीच्या धुऱ्याले पाणी जायले तोंड ठेवतो, त्यात आपण गवताचा बोंदा कोंबतो ना, पाणी झिरपते पण गाळ अडते, तसंच. मी तसं सांगितलं तं डॉक्टर हसले. पण म्हणे, हे औषध नाही, एका दिवसात गुण नाही येत, सालोसाल खावं लागते. अन् गोळ्याही सोडायच्या नाही.

आता एकोडीत ढेंकी कुठी आहे? भैय्यालालची मिल आली अन् साऱ्यांच्या ढेंक्या गोठ्याच्या खुंट्यात गेल्या. आमचीही गेली. उखळ आहे, पण माझा उजवा हात मागच्या साली मोडला, मुसळ उचलत नाही. बेबी तं ओली बाळंतीण. अन् कोणाले सांगून कुटून घेतलं तं ठक ठक ऐकून गल्ली जमा होईन का तेजरामच्या घरी दुकाळ पडला काय. हे ते सहन करणार नाहीत.

तुमची ढेंकी चालू आहे म्हणून बेबीनं सांगितलं. इश्वर येत्या मंगळवारी येईन. पायली, दोन पायली, जेवढा होईन तेवढा द्या. ह्यांले सांगणार नाही का आसगावचा आहे. सांगितलं तं मरतीन, पण खाणार नाहीत.

पोरीचं नाव शकुन ठेवावं असं मी म्हणते. तुम्हाले कसं वाटते ते इश्वरजवळ सांगा.

तुमची कौशल्या


एकोडी, माघ महिना
सन १९८०

विहीणबाई,

तांदूळ पोचला, पहिल्या खेपेचा अन् दुसऱ्या खेपेचाही. एक खडा नाही, एक साळ नाही. कुटायले कोण असते तुमच्यासोबत? का एकट्याच पाय मारता? ह्या वयात कंबर धरते, बसून बसून करा.

आता हसू नका. मी ह्यांले सांगितलं का हा डॉक्टरचा तांदूळ आहे. भंडाऱ्याले दवाखान्यातूनच मिळते, दिलाच्या बिमारीवाल्यायलेच देतेत. इश्वर तुमच्याकडे येते, तं ह्यांले वाटते भंडाऱ्याले औषध आणाले गेला. पहिल्या दिवशी ताटात तांबूस भात पाहून कपाळाले आठ्या पडल्या. म्हणाले, "हा तं कोंड्याचा हाये." मी म्हटलं, "कोंड्याचा कायचा जी? औषध लावलेला हाये, म्हणून रंग असा." माझ्या तोंडून कसं निघालं, मलेच माहीत नाही. ह्यांनी एक घास घेतला. चावला, चावला, चावतच राहिले. म्हणाले, "औषध म्हटल्यावर चव थोडीच राहणार."

आता तर अशी गत झाली, का पारावर बसून साऱ्यायले सांगतेत. "मले डॉक्टरनं पेशल तांदूळ देल्ला. साध्या माणसाले भेटत नाही." बाबुलाल सुतार आहे ना, तो म्हणे, "तेजरामभाऊ, मूठभर मलेही द्या, पाहू तं." तं हे म्हणाले, "तुह्या दिलाले काय झालं? पहिले बिमार पड." मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी.

अन् ते दुसरं, लिवू का नको? तुम्ही मायेच्या आहात, लिवते. ह्यांले सकाळी बाहेर बसायले वेळ लागत होता, सालं झाली ती तक्रार. आता जातेत अन् येतेत. आल्यावर असे खुश, जसे जिल्हा जिंकून आले. चावून चावून खातेत तं भातही कमी लागते. मी तरोट्याची भाजी केली, पाल्याचा पातूर केला, सालीची मुगाची डाळ केली, सारं खातेत. भाकर पहिले हात लावत नव्हते, आता म्हणतेत, "जवसाची चटणी वाढ वो." तंबाखू अजून लपून खातेत, मले वास येते. पण परवा तळ्याच्या पाळीवर चढले अन् बसले नाही. मी खालून पाहात होती. वर जाऊन मागं वळून पाहिलं, मी पाहून राहिली का नाही ते.

शकुन म्हणूनच हाक मारतो आम्ही. तिच्या आबाचं बोट धरते तं सोडत नाही. तिची टाळू अजून धकधक करते, मी तेल भरते. बेबी तुमची आठवण काढते, पण डोळ्यात पाणी नाही आणत, म्हणते दूध आटीन. तुम्ही पाठवलेलं झबलं ह्यांनी पाहिलं. विचारलं, "हे कुठचं?" मी म्हटलं, बाजारातलं. ह्यांनी शिलाई बोटानं पाहिली अन् म्हणाले, "बाजारात असे टाके घालत नाहीत." मंग आपणच पोरीच्या अंगात घातलं.

तुमच्या ढेंकीनं माझा माणूस पाळीवर चढला, विहीणबाई. ह्यांच्या तोंडून नाही, तं माझ्या हातून तरी ऐकून घ्या.

कौशल्या


एकोडी, वैशाख महिना
सन १९८०

विहीणबाई,

आता तांदूळ पाठवू नका. काहून, ते सांगते, पण पुरं वाचा.

काल ह्यांले भंडाऱ्याले तपासायले नेलं होतं. मी नव्हती, इश्वर होता, त्यानं सांगितलं ते लिवते. डॉक्टरनं रगत पाहिलं, पट्टी पाहिली, म्हणे चरबी उतरली, काळीज बरं चालून राहिलं, असंच करा. आमचे हे फुलून गेले. आत, बाहेर, सारे बिमार बसले होते, त्यायच्यापुढे हात जोडून म्हणाले, "सारी तुमच्या तांदळाची करामत हाये साहेब. पुढचा कधी भेटन?"

डॉक्टर म्हणे, "कोणता तांदूळ?"

"तुमच्या दवाखान्यातला. औषध लावलेला."

डॉक्टर हसून म्हणे, "माझ्यापाशी काय ढेंकी आहे, भाऊ? मी गोळ्या देतो. ज्यानं कुटून खाऊ घातला, त्याचे पाय धरा." अन् बाहेर बसलेले खो खो हसले. त्यातला एक आमच्याच गावाकडचा होता.

परतीची यष्टी लाखनीले पोचली. मंग इश्वरले विचारलं, "मी समजो का तू भंडाऱ्याले जाते. कुठी जात होता?" इश्वर काय माझ्यावाणी नाही, त्याले खोटं बोलता येत नाही. सांगून देल्लं.

मले वाटलं घरी येऊन ताट फेकतीन. मी तयारच होती, दोन शब्द मीही ठेवले होते. पण आले, हातपाय धुतले, बाजेवर बसले. शकुन सरकत सरकत आली, तिले उचललं नाही. मले म्हणाले, "इश्वरच्या माय, मी किती महिने खाल्ला?"

म्हटलं, "खाल्ला तेवढा अंगी लागला. मोजून काय करता?"

"पांढरा टाक आज."

"राग आला काय जी?"

"राग कायचा?" म्हणाले. "त्या मधुकररावनं दुपट्टा पायाशी ठेवला, मी उचलला नाही. अन् त्याच्या बायकोनं माह्यासाठी ढेंकी मारली. आता तिचं अन्न मी फुकट कसं गिळू? ते बाई माह्या घरी येऊन घास घेईन, तवा मी तिच्या हातचं शीत तोंडात घेईन. नाही तं नाही."

मी म्हटलं, "अन् तवरी डॉक्टर काय म्हणते ते?"

"डॉक्टरले काय समजते पंगतीचं?"

असं आहे, विहीणबाई. पंगत उठवणाराही हाच अन् पंगतीवाचून अडणाराही हाच. पण मी तुम्हाले खरं सांगते, मले ऐकून आतून बरं वाटलं. आठ वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा तुमच्या मालकांचं नाव घेतलं.

पोरीले लेकरू होईपर्यंत तिच्या सासरी मायबापानं पाणी पिऊ नये म्हणतेत, ते तं आता मिटलं, शकुन झाली. आता तुमची काही अडचण राहिली नाही. या. पाट मी मांडते. तुम्ही या, जेवा, अन् ह्यांले त्या शपथेतून सोडवा. धानाच्या रोवण्याच्या आधी या, मंग चिखलात कोणी हालत नाही.

शकुनले काकडीची फोड देल्ली तं हिरड्यांनी घासून घासून पांढरी करते. दात येतीन लवकर.

वाट पाहून राहिली,
कौशल्या


एकोडी, श्रावण, नागपंचमीच्या आदल्या दिवशी
सन १९८०

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं होतं. बेबी वाचत होती, मधीच तिनं कागद माझ्या हाती देल्ला, मंग मी अडखळत वाचलं. तुम्ही लिवलं का तांदूळ मरेपर्यंत देईन, पण त्या घरी घास घेणार नाही. ज्यानं मले त्या घरच्या पाटावर बसवायचं तो माझा माणूस तोंड खाली घालून जगला अन् तसाच गेला, आता मी एकटी कशी बसू. हेच लिवलं ना?

मी ते ह्यांले वाचून दाखवलं. मनात होतं का ह्यांले राग येईन, अन् रागात म्हणतीन, नाही तं नाही, आण इकडे तो तांदूळ. पण हे म्हणाले, "बराबर हाये तिचं." अन् पांढऱ्या भातावर वरण घेऊन जेवले.

तुमचं बराबर, ह्यांचं बराबर, अन् मधात मी. मी काय करावं ते कोणी लिवत नाही.

मी तुमच्या राहिलेल्या तांदळातला मूठभर पांढऱ्यात मिसळून पाहिला. विहीणबाई, ह्यांले चष्म्याबिगर पेपर दिसत नाही, पण तांबडा दाणा बरोबर दिसते. एक एक शीत बोटानं वेचून ताटाच्या काठाले लावलं अन् मले म्हणाले, "हे कोंबडीले दे." मी म्हटलं, "मीच खाते." खाल्लं. सालीची डाळ खातेत, भाजी खातेत, भाकर खातेत कधी. पण भात पांढराच, अन् भात दोन वेळा, अन् लग्नसराईत बाहेरचं मटण झालं, ते मले मागून समजलं. डॉक्टरनं सांगितलं होतं का सालोसालचं काम आहे. ते मधातच तुटलं.

रोवणा चालू असताना पुन्हा दुखलं. धुऱ्यावर बसले, जिभेखाली गोळी ठेवली, हिरवे पडले होते. रोवणाऱ्या बायांनी गाणं थांबवलं. तं हे खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणा वो, मी काही मेलो नाही." दोन दिवस पडून राहिले. त्या दोन दिवसांत मी पायापाशी बसून म्हटलं, "तुम्ही हट्ट सोडा जी. शकुनचे पाय लागू द्या जमिनीले, चालताना तं पाहा तिले." तं बाजेवर पडल्या पडल्या पाळण्याची दोरी ओढत राहिले.

अन् काल काय झालं ऐका. सकाळी उठून इश्वरले म्हणाले, "नागपंचमीले बेबीले आसगावले पोचव. पोरीले घेऊन. पोळ्यापर्यंत राहू दे." बेबीच्या हातातला गडवा खाली पडला, विहीणबाई. लग्न झाल्यापासून मायघर पाहिलं नाही लेकीनं. ती पाया पडाले गेली तं म्हणाले, "मायले सांग, बोलावणं तेजराम धाडून राहिला. कौशल्या नाही. म्हणा, पंगतीतून मी उठलो होतो, तं बसवायचंही मलेच लागते."

हे पत्र बेबीच्याच हाती देते. ती पोचली का पहिले तिले पोटभर पाहून घ्या, मंग पत्र वाचा. शकुनची दृष्ट काढा, यष्टीत लोक फार पाहातेत. तिले मांडीवर घेऊन विचार करा. माझ्यासाठी नाही म्हणत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बेबीले सोडाले तुम्हीच या.

घर आतापासूनच खाली खाली वाटून राहिलं. ह्यांनी पाळण्याची दोरी सोडून घडी करून ठेवली, मंग पुन्हा बांधली.

कौशल्या


एकोडी, भाद्रपद
सन १९८०

विहीणबाई,

तेरवीले तुम्ही आल्या, शेवटपर्यंत बसल्या, भांड्यांलेही हात लावला. पण पाणीही तोंडात घेतलं नाही. मी ताट घेऊन आली तं दाराशीच म्हणाल्या, "बोलावणाराच राहिला नाही, कोणाच्या पंगतीले बसू?" माझ्यापाशी उत्तर होतं, पण चार लोकांत देता येत नव्हतं. आता लिवते. बेबीलेही माहीत नाही. पत्र वाचून चुलीत टाकलं तरी चालीन.

मी साऱ्यांले सांगितलं का हे बांधीचं पाणी पाहाले गेले अन् परत येऊन अंगणात पडले. पाणी पाहाले ते गेलेच नव्हते.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येते" असं तुमचं उत्तर आलं, त्या दिवसापासून ह्यांच्या अंगात वारं भरलं होतं. मी म्हटलं, चांगला चिन्नोर तांदूळ काढते, विहीणबाई पहिल्यांदा येऊन राहिल्या. तं म्हणाले, "नाही. ज्या भातावरून मी उठलो, तोच भात तिच्या संगं बसून खाईन." मी म्हटलं, तिलेच आणाले सांगू काय मंग? "पाव्हण्याले आपला भात घेऊन ये म्हणते? शरम वाटू दे."

मंग भैय्यालालच्या मिलमधी गेले, धानाची थैली सायकलीले लावून. त्याले म्हणाले, "अर्धाच सोल. लाल राहू दे." तो म्हणे, "तात्या, एकदा पट्टा फिरला का दाणा पांढरा होतेच. माह्या मशिनीले तुमचं ऐकू येत नाही." आले परत. मी म्हटलं, शेजारच्या देवकाबाईच्या सुनेले उखळात कुटाले बोलावते. तं म्हणाले, "राहू दे, पाहू." मले वाटलं सोडला विचार.

त्या दिवशी निंदणाले माणसं कमी होती. ह्यांनीच मले पाठवलं. "जा, बायांवर लक्ष नसलं तं धानच उपटतेत." बेबी तुमच्याकडेच होती, इश्वर खत आणाले साकोलीले गेला होता. घरात कोणी नको होतं, म्हणून पाठवलं हे मले मागून समजलं. बाईमाणसाचं काम, कोणी पाहिलं असतं तं पारावर महिनाभर हसायले पुरलं असतं.

मी दुपारी आली तं मागच्या पडवीत, उखळापाशी, भिंतीले टेकून बसले होते. मुसळ मांडीवर आडवं. घामानं हाताले, मिशीले सारा भुसा चिकटलेला. मी म्हटलं, "हे काय करून राहिले जी?" मले खरंच हसू आलं होतं, विहीणबाई. म्हातारपणी असं ध्यान पाहून. जवळ जाऊन भुसा पुसाले हात लावला, तेव्हा समजलं.

ओरडायच्या आधी मी सूप घेतलं अन् उखळ झाकलं. मुसळ आत नेऊन ठेवलं. मिशी पदरानं पुसली. मंग ओरडली. काहून तसं केलं मले सांगता येत नाही. ह्यांले कोणी हसू नये, एवढंच होतं मनात. अन् मंग तुम्ही आल्या, तेव्हा वाटलं, सांगितलं तं तुमच्या जीवाले लागीन का माझ्यापायी झालं.

तसं समजू नका. इश्वर डॉक्टरले जाऊन भेटला. डॉक्टर म्हणे, नळ्या पंधरा-वीस सालापासून चोंदत आल्या होत्या. साधा जिना चढताना झालं असतं, झोपेतही झालं असतं. चार-पाच महिने कुटलेला तांदूळ खाल्ला त्यानं थोडं मोकळं झालं होतं, पण जुनं दुखणं एवढ्यात हटत नाही. पहिल्यापासून खाल्ला असता तं कोण जाणे. अन् मंग इश्वरकडे पाहून म्हणे, तुझ्या बापाचं काळीज तुलेही आलं असू शकते, तू आतापासून खा. इश्वर आता घरात पांढरा भात घेत नाही. कोणी सांगितलं नाही त्याले. भाकर मागते अन् खाली पाहून चावते.

शकुन भिंत धरून उभी राहते. बाजेपाशी जाते, पाटीवर हात आपटते, "आबा, आबा" करते अन् आमच्याकडे पाहाते, का तुम्ही काहून आणून देत नाही. बेबी उचलून नेते. मी तं हसते तिले पाहून, अन् तेव्हाच रडतेही, तिले वाटते आजी खेळून राहिली. चार दात झाले. जे दिसन ते चावते, काल तुमच्या व्याह्यांची चप्पल चावत होती.

आता कामाचं. उखळातला धान अर्धा कुटला होता. ह्यांच्या हाताले सवय कुठची, एक दाणा फुटलेला, एक जसाच्या तसा. तेरवी झाल्यावर मी डाव्या हातानं थोडा थोडा करून पुरा केला. दोन हात लावले तं दुखते, पण होते. पाखडला, निवडला. दोन माणसांपुरता निघाला, जास्त नाही. चुकीचाच कुटला आहे, तुम्ही पाहून नाव ठेवसान. मी गाडग्यात भरून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला. घरात कोणाले हात लावू देल्ला नाही. तो तुमच्या नावानं काढलेला आहे.

बोलावणारा राहिला नाही म्हणता. पण त्यानं बोलावणं कुटून ठेवलं आहे, ते मी एकटी कशी रांधू?

मिलचा पांढरा तांदूळ सालभर राहते, काही होत नाही त्याले. ह्याचं तसं नाही, तुम्हाले माझ्यापेक्षा जास्त समजते. अंगावर कोंडा असला का त्यातलं तेल खवट होते, किडा लागते, अन् ह्या दिवसांत हवा ओली. आज सकाळी झाकण काढून वास घेतला. अजून गोड आहे. पुढच्या आठवड्यात कसा राहीन, मले सांगता येत नाही.

सोमवारी पवनीहून सकाळची यष्टी आहे. इश्वर साकोलीच्या फाट्यावर उभा राहीन.

तुमची
कौशल्या